गावच्या रेडिओला प्रश्न विचारण्याचा अधिकार हवा

१/ ऑगस्ट १९४२. 'चले जाव'च्या बातम्या छापणे वृत्तपत्रांना अवघड झाले असताना मुंबईत एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या 'काँग्रेस रेडिओ'ने चिमूर-आष्टीतील अत्याचारांची वार्ताही प्रसारित केली. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी केंद्र पकडले. गावात काय घडले, हे रेडिओवरून सांगणे तेव्हा गुन्हा होता.

२/ त्या सत्तेच्या हाती १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. तारायंत्रावरील सरकारी मक्तेदारीसाठी केलेल्या या कायद्याच्या कक्षेत पुढे बिनतारी प्रसारणही आले. १९४७ मध्ये राज्यकर्ते बदलले. मक्तेदारी कायम राहिली.

३/ तिला तडा गेला तो क्रिकेटमुळे. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

४/ हा निर्णय शब्दशः घेतला तो तेलंगणातील झहीराबाद परिसरातील दलित शेतकरी स्त्रियांनी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साहाय्याने त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केले. परवाना नव्हता, म्हणून फिती गावोगावच्या संघांत वाजवल्या जात. बियाणे, औषधी वनस्पती, मजुरी, सण यांवर शेजारीण शेजारणीची मुलाखत घेई.

५/ २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना व २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. २००८ मध्ये त्या स्त्रियांचा 'संघम रेडिओ' अधिकृतपणे सुरू झाला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी'ही बोलू लागली.

६/ मात्र परवान्यासोबत एक अट आली: बातम्या व चालू घडामोडींवरील राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम वर्ज्य. आकाशवाणीच्या बातम्या पुढे नियमांच्या चौकटीत ऐकवता येऊ लागल्या. हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांनाही मुभा मिळाली. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही, हे निवेदिकेने सांगावे. का येणार नाही, हे सरपंचांना विचारताना मात्र परवान्याची धास्ती बाळगावी!

७/ अटीच्या समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नाही. १९९४ च्या रवांडातील नरसंहारात एका रेडिओ केंद्राने द्वेष पेटवला होता. परंतु त्याचा धडा चिथावणीला शिक्षा करण्याचा आहे. प्रश्नांवर बंदी घालण्याचा नव्हे. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरील चित्रफिती बातम्या देतात आणि कायद्याला उत्तरदायीही असतात. १०० वॉटच्या, काही कोसांपलीकडे न पोहोचणाऱ्या केंद्राचेच भय अधिक कशासाठी?

८/ शिवाय येथे बोलणारा अनोळखी नसतो. खोटे बोलणाऱ्या निवेदिकेला दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच श्रोत्यांना तोंड द्यावे लागते. प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपणे केंद्रांना बंधनकारक आहे. तक्रार आली तर पुरावा हाताशी असतो. ही व्यवस्था पुरेशी नसेल तर ती कडक करावी, पण अट काढावी.

९/ इतिहासाच्या अभ्यासकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माणदेशातील ओव्या, पाककृती आणि पेरणीच्या रीती ध्वनिमुद्रित होतील. पण टंचाईच्या वर्षी टँकर कोणत्या वस्तीवर आधी गेला आणि कोणी जाब विचारला, याचा आवाज उरणार नाही. सरकारी कागदपत्रांत टँकरच्या फेऱ्या सापडतील, रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचे म्हणणे सापडणार नाही. १९४२ च्या त्या केंद्राचा गौरव करणाऱ्या प्रजासत्ताकाने निदान म्हसवडच्या निवेदिकेला सरपंचांना मोकळेपणाने प्रश्न विचारू द्यावा.