सियाचीनची रसद

एप्रिल १९८४ मध्ये आपल्या सैन्याने सियाचीनवर ठाणी वसविली, तेव्हापासून तेथील रसदीचा भार नुब्रा खोऱ्यातील भारवाहक आणि ‘चीता’ हेलिकॉप्टरचे वैमानिक वाहत आले आहेत. २०,००० फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ की, या जुन्या हेलिकॉप्टरला एका खेपेस रॉकेलचे एखाददुसरे डबेच उचलता यावेत! अशा ठिकाणी वैमानिकविरहित मालवाहू यंत्रे योजावीत, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने डिसेंबर २०११ पासून अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात, सुरुंग पेरलेले रस्ते टाळण्यासाठी, ‘के-मॅक्स’ या मानवरहित हेलिकॉप्टरने दूरच्या ठाण्यांना माल पोहोचविला. जून २०१३ मध्ये त्यांतील एक कोसळले; आत माणूस नव्हता.

परंतु सियाचीनवर माल घेऊन चढलेले हेलिकॉप्टर उतरताना हिमदंशाने जायबंदी झालेल्या जवानास खाली आणते. ही परतीची खेप हिशेबातून गळेल, अशी आम्हांस धास्ती वाटते. ‘चीता’च्या जागी नवी हेलिकॉप्टरे देण्याचा प्रश्न आधीच वर्षानुवर्षे रेंगाळला आहे, मालाची सोय झाली, या सबबीवर तो आणखी लांबणीवर टाकणे सरकारी दप्तरास कठीण नाही. संरक्षण मंत्रालयाने या दोन्ही खरेदींचा निर्णय एकाच वेळी करावा.