शाळेचें छप्पर आणि मुलांचें मन

ता. २५ जुलै २०२५ रोजीं एकाच दिवशीं दोन गोष्टी घडल्या. राजस्थानांतील झालावाड जिल्ह्यांत पिपलोदी या गांवीं सरकारी शाळेचें छप्पर सकाळच्या वेळीं कोसळलें व सात मुलें मरण पावलीं. त्याच दिवशीं दिल्लीस सर्वोच्च न्यायालयानें एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधींच्या खटल्यांत निकाल देतांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीं पंधरा सूचना घालून दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या सर्व शिक्षणसंस्थांवर बंधनकारक राहतील असें सांगितलें. पहिल्या गोष्टीची हळहळ सर्वत्र झाली. दुसरीची चर्चा शहरांपलीकडे फारशी गेली नाहीं. आमच्या मतें या दोन्ही एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. सकाळीं आपण मूल शाळेच्या स्वाधीन करतों. तें सायंकाळीं अंगानें व मनानें सुखरूप परत यावें यासाठीं लागणारा खर्च कोणीं करावयाचा, हा तो प्रश्न होय.

शेतकीच्या मासिकांत हा विषय कशास, असें कोणी वाचक विचारील. त्यास उत्तर असें कीं, खेड्यांतील शाळा पहिल्यापासून शेतसाऱ्याच्या पैशावर उभी आहे. मुंबई इलाख्यांत १८६० नंतरच्या दशकांत साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला व त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे लावण्याचें ठरलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांतील मुख्य तक्रार हीच होती कीं, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा ओघ मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. तेव्हां शाळेसाठीं पैसा मागणें ही याचना नव्हे. ज्या पेंवांत आपण धान्य घातलें त्यांतूनच आपण मागत आहोंत.

प्रथम इमारतीचा विचार करूं. ता. १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंत कुंभकोणम् येथें एका शाळेस आग लागून ९४ मुलें दगावलीं. तेथें छप्पर गवताचें होतें. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अर्जावर २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, कुंपण, पिण्याचें शुद्ध पाणी, आणि मुलगे व मुली यांसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें हीं आवश्यक म्हणून सांगितलीं आहेत. हक्क असा लिहिला गेला. परंतु लिहिलेल्या हक्कानें कौल बदलले जात नाहींत. समग्र शिक्षा योजनेंत ३१ ते १०० पट असलेल्या शाळेस जें वार्षिक संयुक्त अनुदान ठरलें तें २५,००० रुपयांचें. खडू, विजेचें बिल, साफसफाई व किरकोळ डागडुजी हीं सर्व त्यांतूनच भागवावयाचीं. आपल्यापैकीं ज्यांनीं अलीकडे गोठ्यावर पत्रे घातले असतील त्यांस या रकमेंत काय होतें व काय होत नाहीं हें सांगावयास नको. मोठ्या दुरुस्तीसाठीं वेगळा प्रस्ताव करावा लागतो, तो पंचायत समितींतून जिल्हा परिषदेकडे जातो, आणि मंजुरी येईपर्यंत एक-दोन पावसाळे निघून जातात. वाळवी व पाऊस मंजुरीची वाट पाहत नाहींत.

आतां मनाची गोष्ट. बैलानें एक वेळ वैरण टाकली तर शेतकरी दुसऱ्या वेळेची वाट न पाहतां गुरांच्या डॉक्टरास बोलावतो. पण घरांतील मूल आठ दिवस धड जेवत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं, शाळेंत जावयास कुरकुरतें, तेव्हां आपण "वयच तसें आहे" म्हणून मोकळे होतों. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत (२०१५-१६) १३ ते १७ वर्षें वयाच्या मुलांत मानसिक विकारांचें प्रमाण शेंकडा ७.३ आढळलें, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गांत सरासरीनें तिघांस मदतीची गरज असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला जीव गमावला, आणि राज्यवार पाहतां सर्वांत मोठा आंकडा, १,७६४, महाराष्ट्राचा होता. हें शहरी शिकवणीवर्गांचें दुखणें आहे असें समजून कोणी स्वस्थ बसूं नये. पीक बुडालें, सावकार व बँक दाराशीं आली, किंवा ऊसतोडीसाठीं आईबाप सहा महिने परगांवीं गेले, म्हणजे घरांतील काळजीचा वांटा मुलाच्याही पदरीं येतो. तें बोलून दाखवीत नाहीं इतकेंच.

न्यायालयाच्या सूचनांत एक नियम असा आहे कीं, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा; त्याहून लहान संस्थांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं रीतसर संबंध जोडून ठेवावा. नियम योग्य आहे. पण महाराष्ट्रांत वीसपेक्षां कमी पटाच्याच शाळा २०२३ सालच्या हिशेबाप्रमाणें १४ हजारांहून अधिक होत्या, व त्या बहुतेक खेडीं, वाड्या व पाडे यांतल्या. तेथील एक-दोन शिक्षकांनीं बाहेरचा तज्ज्ञ कोठें शोधावा? म्हणून पैसा निराळा काढून ठेवल्यावांचून हा नियम नेमका आपल्याच मुलांपर्यंत पोंचणार नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, दहा-पंधरा शाळांचें जें केंद्र असतें त्या प्रत्येक केंद्रास एक समुपदेशक कायम पगारावर द्यावा, त्यानें ठरलेल्या वारीं प्रत्येक शाळेंत जावें, आणि अधिक उपचार लागल्यास मुलास जिल्हा रुग्णालयापर्यंत पोंचविण्याची जबाबदारी त्याची असावी.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील शाळेंत दोन बालिकांवर अत्याचार झाल्यावर राज्य सरकारनें शाळांस कॅमेरे बसविणें, तक्रारपेटी ठेवणें व सखी सावित्री समिती चालविणें याविषयीं कडक हुकूम काढले. हे उपाय त्याज्य आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र कॅमेरा घडलेलें दाखवितो. घाबरलेल्या मुलीचें ऐकून घेत नाहीं. तक्रारपेटी उघडणारें माणूस विश्वासाचें नसेल तर पेटी रिकामीच राहते. यंत्रें एकदा विकत घेतां येतात म्हणून अंदाजपत्रकांत त्यांस लवकर जागा मिळते, आणि माणसाचा पगार दरसाल द्यावा लागतो म्हणून तो पुढें ढकलला जातो. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

यावर आक्षेप येईल कीं, पट घसरत आहे, शाळा ओस पडत आहेत, मग तेथें खर्च कशाला? आमच्या कांहीं वाचकांची मुलें आज पिवळ्या मोटारींतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जातात, व गांवची शाळा मजुरांच्या व अल्पभूधारकांच्या मुलांकडे राहिली आहे, हें खरें आहे. पण पट कां घसरला याचा विचार करतां गळकें छप्पर व मोडकें कुंपण हींही त्यांचीं कारणें दिसतील. विहिरीचा गाळ न काढतां पाणी आटलें म्हणून तिला दोष द्यावा तसें हें आहे. शिवाय ज्या मजुरांच्या बळावर आपली बागाईत चालते, त्यांच्या मुलांच्या माथ्यावरील छपराविषयीं उदासीन राहणें आपणांस शोभत नाहीं. दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारजवळ पैसा थोडा आहे, हें आम्हांसही मान्य आहे. आणि म्हणूनच पहिला खर्च कशावर, हें ठरवावें लागतें. धोकादायक खोल्या पाडून त्या जागीं नव्या बांधणें यास पहिला मान, समुपदेशकांच्या पगारास दुसरा, व शोभेच्या कामांस शेवटचा, असा आमचा अनुक्रम आहे. यासाठीं राज्याच्या अंदाजपत्रकांत व जिल्हा परिषदेच्या हिशेबांत वेगळें शीर्षक असावें, म्हणजे पैसा कोठें गेला हें पाहतां येईल.

सरकारकडे बोट दाखवून आपलें काम संपत नाहीं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. कलम २२ प्रमाणें ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, आणि अनुदान त्या आराखड्याच्या आधारें द्यावयाचें असतें. हें हत्यार आपल्या हातीं असून गंजत पडलें आहे. पुष्कळ ठिकाणीं समितीच्या सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. वाचकांनीं पुढील सभेस स्वतः जावें, मृगापूर्वीं अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करवून लेखी दाखला घ्यावा, धोकादायक खोलीस त्याच दिवशीं कुलूप लावावें, आणि आराखड्यांत समुपदेशकाची मागणी स्पष्ट लिहून ती ग्रामसभेच्या ठरावानें वर पाठवावी.

एक गोष्ट तर सरकारच्या पैशावांचूनही होण्यासारखी आहे. फवारणीचीं औषधें घरांत उघड्या फळीवर न ठेवतां कुलुपाच्या पेटींत ठेवावींत व किल्ली मोठ्या माणसाजवळ असावी. श्रीलंकेंत अतिविषारी शेतीऔषधांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचें प्रमाण बरेंच घटलें, हा अनुभव जगापुढें आहे. निराशेच्या क्षणीं विष हाताशीं नसलें तर माणूस वांचतो. तसेंच केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक घराच्या व शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा. मुलास तेथें बोलतां येतें, आणि काळजींत पडलेल्या बापासही.

जिल्हा परिषदेचें अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीं आपापल्या गांवचे ठराव तेथें पोंचतील अशी तजवीज वाचकांनीं करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.