बिस्मिल्लाच्या आधीचे दीड हजार दिवस

मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की आपल्याकडे बिस्मिल्लाखानी होते. दिवस अगदी मोजून धरला जातो. नवे कपडे, गळ्यात हार, मौलानांच्या तोंडून पहिले शब्द, मग मिठाई. रीत चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मोजणीबद्दल आहे. त्या दिवसापर्यंत मुलाच्या आयुष्याचे दीड हजारांहून जास्त दिवस सरलेले असतात आणि समाज म्हणून आपण ते कधी मोजलेलेच नसतात. डॉक्टर ज्यांना पहिले हजार दिवस म्हणतात, म्हणजे गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे, ते तर हार घालायच्या दोन वर्षे आधीच संपलेले असतात. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे दावतीतला पुलाव खाऊ घालून भरून येत नाही.

कुठल्याही जमातीचा वर्षाचा हिशेब काढून बघा. रंगकाम, एसी, वजूखान्याच्या फरशा, जलसा, मकतबचा पगार, मय्यतीचे सामान, शादीखान्याचा वरचा मजला. शिवाय दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. म्हणजे जे मूल सोळा वर्षे कसेबसे टिकून राहिले, त्याला शाल. जे तिसरीत गळाले त्याची कुणाला खबर नाही. आणि ते तिसरीत का गळाले, याचे उत्तर बऱ्याचदा त्याच्या वयाच्या तिसऱ्या वर्षात असते.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयातली एक चतुर्थांश मुस्लिम मुले एकतर शाळेची पायरी चढली नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली, हे त्यात छापले गेले. त्या आकड्यावर आपण वर्षानुवर्षे भाषणे केली, मीही ऐकली. पण त्याच वर्षी पंतप्रधानांचा अल्पसंख्याकांसाठीचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम जाहीर झाला आणि त्यातले पहिलेच कलम अंगणवाडीचे होते: अल्पसंख्याकांची वस्ती मोठी असलेल्या भागांना एकात्मिक बालविकास योजनेत न्याय्य वाटा मिळावा. पंधरापैकी आपल्या पुढाऱ्यांना शिष्यवृत्ती पाठ आहे, कर्ज पाठ आहे. पहिले कलम विचारा, गप्प बसतील. सहा वर्षांखालचे मूल मतदार नसते आणि त्याच्या आईला मंचावर खुर्ची नसते.

त्याच २००६ च्या १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. खेड्यांना आणि झोपडपट्ट्यांना हा हक्क आहे. भिवंडीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागवस्तीत चाळीस मुले शोधायला किती गल्ल्या फिराव्या लागतील? एकच पुरेल. तरीही 'आमच्या मोहल्ल्यात सरकार काही देत नाही' हे वाक्य आपण जितक्यांदा बोललो, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतके अर्जही केलेले नाहीत.

सरकारला यातून सूट मिळत नाही. योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची, पण मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ साली ठरवलेला दर दिवसाला आठ रुपये. आठ रुपयांत आज कटिंग चहासुद्धा येत नाही. सेविका मुलांची वजने करते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, लसीकरणाला लोक गोळा करते, मोबाइलवर माहिती भरते, आणि तिला पगार नाही, मानधन मिळते. ते वाढावे म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा आपल्या किती तंजिमांनी पाठिंब्याचे साधे पत्रक काढले?

शहरातल्या दाट वस्तीत अंगणवाडी अडते ती जागेवर. सरकारी भाड्यात मिळते ती अंधारी खोली, संडास नाही, मुलांना बसायला सतरंजी पुरत नाही. मग कागदावर पंचवीस मुले आणि खोलीत सात. आणि त्याच गल्लीत जमातीचा हॉल सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत कुलपात असतो. पंखे आहेत, नळ आहे, संडास आहेत. संध्याकाळी लग्न असेल तर सजावटवाले येतात, तोपर्यंत शुकशुकाट. मशिदीखालचे गाळे वर्षानुवर्षे जुन्याच भाड्यावर दिलेले असतात, तो विषय वेगळा आणि कडू आहे. पण हॉल तर आपलाच आहे ना?

हॉल मिळाला की तिथे काय काय होऊ शकते ते पाहा. सकाळी अंगणवाडी. महिन्यातून एकदा वजन-उंची, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी. दुपारी घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर. कारखाने कायद्यात तीसहून जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचे होते, पण घरात बसून जरीकाम करणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बाईचा कारखाना म्हणजे तिचीच खोली. तिचे तान्हे मूल तिथेच, धाग्यांत आणि तंबाखूत रांगते.

आता आक्षेप. 'मकतब आहे की.' मकतब आहे आणि राहो. तिथे कायदा शिकवतात; वजन करत नाहीत, जेवण देत नाहीत, नऊ महिन्यांच्या बाळाच्या आईशी बोलत नाहीत. 'सरकारी योजना मशिदीच्या जागेत आणली तर लोक बोट दाखवतील.' गावोगावी समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीवर अंगणवाड्या भरत आल्या, कुणी बोट दाखवले? सेविका सरकारची, दार सगळ्यांना उघडे, गल्लीतले दलित आणि परप्रांतीय मजुराचे मूलही त्याच सतरंजीवर. कोरोनात भिवंडीत मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली होती, रुग्णाचा धर्म कुणी विचारला नाही. 'दीनच्या जागेत पोरांचा गोंगाट?' हे म्हणणाऱ्यांनी हदीस पुन्हा वाचावी. मूल रडल्याचे ऐकून पैगंबर नमाज आटोपती घेत, कारण आईचा जीव कासावीस होतो. नात उमामाला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली आहे. आपण मात्र पहिल्या सफमधून पोरांना कान धरून मागे पाठवतो.

आणि हजरत उमरची रिवायत. मदिनेत रात्री गस्त घालताना एक मूल सारखे रडताना ऐकू आले. आईला विचारले तर ती म्हणाली, दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलालाच भत्ता देतो. समोर कोण उभा आहे हे तिला ठाऊक नव्हते. उमर हादरले आणि मूल जन्मले की त्या दिवसापासून भत्ता, अशी दवंडी पिटवली. आपल्या कुठल्या जुम्म्याच्या बयानात ही गोष्ट राज्यकर्त्याच्या जबाबदारीची म्हणून सांगितली जाते? उमरच्या साधेपणाची म्हणून सांगतात, ठिगळ लावलेल्या कुर्त्याची म्हणून सांगतात. धोरण बदलले, ते गाळून.

अंगणवाडीची कल्पना तर याच मातीतली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, एवढा साधा विचार. आमच्या मोहल्ल्यांना अंगण नाही, हॉल आहे.

येत्या जुम्म्याला नमाजनंतर मुतवल्ली साहेबांनी दोन कागद ठेवावेत. एकावर गल्लीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची नावे, वय आणि पत्ता. चाळीस झाली की तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जाईल, पोच घेऊन, तारीख टाकून. दुसऱ्या कागदावर जमातीचा ठराव: हॉल सकाळच्या वेळी विनाभाडे. जकातीच्या मसरफाचा वाद इथे उद्भवतच नाही, खोली आधीच बांधलेली आहे. ठरावावर सही करताना ट्रस्टींमध्ये एकही बाई नाही हे लक्षात आले, तर तिसरा कागदही लागेल.