न पाहिलेली बंदरे

गेले दोन महिने आमच्या धर्मग्रामात एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर तो विचारला जातो, विहिरीवर विचारला जातो आणि दोन वेळा तर आमच्या जेवणाच्या मेजापर्यंत येऊन पोहोचला. प्रश्न असा : मुलांनी एवढा खर्च केला, विमानाने इटलीपर्यंत पाठविले, सात रात्री भूमध्य समुद्रात हिंडविले, मग ही माणसे रोमला न जाता परत आलीच कशी?

ज्या जोडप्याविषयी हे बोलले जाते त्यांची नावे आम्ही येथे देत नाही. गावचे वाचक ती ओळखतील, परगावच्या वाचकांस त्यांचे प्रयोजन नाही. पतिपत्नी दोघांनी आमच्या ओसरीवर बसून सर्व हकिगत सांगितली आणि ती छापण्यास संमती दिली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आज जहाजावर किंवा आखातात आहे, म्हणूनच ती दिली, असे बाईंनी मुद्दाम सांगावयास लावले आहे.

गृहस्थांचे वडील गोव्याहून घाट चढून आमच्या भागात आले व त्यांनी पावाची भट्टी घातली. मुलगा त्या भट्टीपाशीच वाढला. १९८५ साली लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी तो मुंबईस जाऊन उतारूंच्या जहाजावर पाव भाजण्याच्या कामास लागला. २०१४ साली निवृत्त होईपर्यंत २८ वर्षे त्याने तेच काम केले. आठ-नऊ महिने समुद्रावर, दोन महिने घरी, असा तो क्रम. नेपल्स, बार्सेलोना, मार्सेय ही नावे त्यांच्या तोंडी खानापूर-बेळगावसारखी सहज येत. परंतु तेथे पाहिले काय, असे आम्ही विचारले की ते हसून म्हणत, “फादर, धक्का पाहिला.” यात अतिशयोक्ती नव्हती. पाववाला रात्रभर राबतो व दिवसा निजतो. उतारू दिवसा गाव पाहून येतात आणि सायंकाळी जहाज नांगर उचलते. फार तर दोन तास मिळावयाचे. तेवढ्यात धक्क्याच्या फाटकाबाहेर जाऊन साबण व टेलिफोनचे कार्ड घ्यावे, घरी फोन लावावा आणि परत यावे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, लग्नास ४० वर्षे झाली म्हणून दोन्ही मुलांनी पैसे एकत्र करून या सफरीचा बेत काढला. गृहस्थ प्रथम तयार होईनात. ज्या घरात चाकरी केली त्या घरी पाहुणा होऊन कसे जावे, हा त्यांचा संकोच. बाईंनी मात्र निकाल दिला, “मला तुमची बंदरे पाहायची आहेत.” मुलांनी रोमचा समावेश असलेली एक सफर निवडली होती. तिच्यात मार्सेय नव्हते. बाईंनी ती नाकारली व मार्सेय असलेली दुसरी घ्यावयास लावली. कारण त्या वेळी कोणास कळले नाही, पतीसही नाही.

जेनोआ येथे ते जहाजावर चढले. तेथील १५४३ सालचा उंच दीपस्तंभ गृहस्थांच्या ओळखीचा. त्याचा उजेड जहाजाच्या गोल खिडकीतून त्यांनी कितीदा पाहिला होता. वरच्या मजल्यांवर मात्र सारेच अनोळखी. तेथे गालिचे, झुंबरे आणि काचेचे जिने. “फक्त कर्मचाऱ्यांसाठी” अशी पाटी असलेल्या दारापलीकडे लोखंडी भिंती व उघडे नळ. ते दार दिसले की त्यांची पावले आपोआप तिकडे वळत. पहिल्या सकाळी त्यांनी आपला बिछाना स्वतःच घडी घालून ठेवला. खोली आवरणारा साष्टीचा एक तरुण आला आणि ओशाळून म्हणाला, “अंकल, माझे काम मला करू द्या.” मग दोघांनी कोंकणीत गप्पा मारल्या. त्या तरुणाची मुलगी सहा महिन्यांची होती आणि त्याने तिला अद्याप हातात घेतले नव्हते. मोबाईलवर रोज पाहतो, असे तो म्हणाला.

नेपल्सहून लोकल रेल्वेने ते पाँपेई येथे गेले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने राखेखाली गाडलेले ते नगर होय. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेले चर आहेत आणि पायी चालणारांनी घाणीत पाय न घालता रस्ता ओलांडावा म्हणून मध्ये उंच दगड बसविले आहेत. इतर लोक चित्रे व पुतळे पाहावयास धावले. आमचे गृहस्थ एका पडक्या बेकरीपाशी अडकले ते हलेनात. काळ्या ज्वालामुखी दगडाची जाती ओळीने उभी, ती गाढवे किंवा गुलाम फिरवीत असत, आणि मागे विटांची घुमटाकार भट्टी. “अगदी बाबांची भट्टी,” ते म्हणाले. तोंड किती रुंद, धूर कोठून जात असेल, फळी आत कशी सरकवीत असतील, हे सर्व त्यांनी पत्नीस हातवारे करून समजाविले. भोवती परदेशी मंडळी जमली आणि हाच वाटाड्या समजून ऐकू लागली! या नगरात एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन जसेच्या तसे सापडले होते. ते गोल, वर चिरा पाडून आठ फाकी केलेले असत. भट्टीत घालणाऱ्याला ते बाहेर काढावयास वेळ मिळाला नाही. गोव्यात भट्टीला फोर्न म्हणतात आणि इटालियन लोक तिला फोर्नो म्हणतात, हेही त्यांनी आम्हांस त्याच उत्साहात सांगितले.

दुसरे दिवशी मेसिना. १९०८ सालच्या डिसेंबरात भूकंपाने हे शहर जवळजवळ सपाट केले व हजारो माणसे मेली. कॅथेड्रल पुन्हा बांधले गेले आणि त्याच्या घंटाघरात १९३३ साली स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी केलेले प्रचंड घड्याळ बसविले. दुपारी बाराला त्यावरचा सोनेरी सिंह शेपूट हलवून गर्जना करतो, मग कोंबडा पंख फडफडवून आरवतो आणि एकामागून एक बाहुल्या फिरू लागतात. बाईंनी तो सोहळा तोंडाला पदर लावून पाहिला. हसू आवरेना, असे त्या म्हणाल्या.

माल्टा बेटावरील व्हालेटाविषयी आमचीच उत्सुकता अधिक होती. संत पौल कैदी म्हणून रोमकडे जात असता त्याचे जहाज फुटून तो याच बेटावर लागला, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्या जहाजावर २७६ माणसे होती. या जोडप्याच्या जहाजावर चार हजारांहून अधिक. व्हालेटात त्या जहाजफुटीच्या नावाचे चर्च आहे व तेथे संताच्या मनगटाचा अवशेष जपला आहे. माल्टाची भाषा अरबीच्या कुळातील, परंतु लिहितात रोमन अक्षरांत. तेथील आमचे धर्मबंधू मिस्सामध्ये देवाला “अल्ला” म्हणतात. बाई चमकल्या, आणि त्यांनी हे सांगितले तेव्हा ओसरीवरची इतर मंडळीही चमकली. गृहस्थांच्या मनात दुसरेच राहिले. चौदा दिवस वादळात उपाशी राहिलेल्या त्या लोकांसमोर पौलाने भाकर घेतली, उपकार मानले, मोडली आणि खाल्ली; तेव्हा सर्वांस धीर आला. “त्या जहाजावर पीठ भिजले नव्हते का, फादर?” असे त्यांनी आम्हांस विचारले. इतकी वर्षे हा उतारा आम्ही वाचून दाखविला, पण पिठाचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता.

माल्टा सोडल्यावर एक दिवस व दोन रात्री केवळ पाणी. दुसऱ्या रात्री दोन वाजता बाईंस जाग आली तर शेजारची जागा रिकामी. गृहस्थ वरच्या डेकवर सापडले. ही त्यांची पीठ मळण्याची वेळ. खालून ताज्या पावाचा वास येत होता आणि त्यांस झोप लागत नव्हती. तेथे कठड्यापाशी त्यांनी २९ वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट बोलून टाकली.

१९९६ च्या पावसाळ्यात त्यांची तीन वर्षांची मुलगी तापाने गेली. हे गावास ठाऊक आहे. निरोप मुंबईच्या कचेरीतून फिरत फिरत आठव्या दिवशी जहाजावर पोहोचला, तेव्हा जहाज मार्सेयला होते. करार संपण्यास चार महिने होते. मध्येच उतरले तर विमानाचे भाडे पदरचे आणि पुढची नोकरी मिळेल याची खात्री नाही. मूठमाती तर होऊन गेली होती. कार्ड घेऊन ते फाटकाबाहेरच्या टेलिफोनपाशी गेले. गावात तेव्हा एका किराणा दुकानातच फोन होता. दुकानदार म्हणाला, “थांबा, वहिनींना बोलावतो, दहा मिनिटांनी लावा.” दहा मिनिटे झाली. त्यांनी फोन उचलला, परत ठेवला आणि जहाजावर जाऊन त्या रात्रीचे पाव भाजले. पत्रात त्यांनी लिहिले की लाईन लागली नाही.

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मी दुकान बंद होईपर्यंत उभी होते. दुकानदार म्हणाला होता, आवाज अगदी स्वच्छ येत होता.”

म्हणजे त्यांस पहिल्यापासून ठाऊक होते. हे ऐकताना ओसरीवर आम्ही काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही आणि काही बोललोही नाही.

बार्सेलोनात पवित्र कुटुंबाचे विख्यात मंदिर त्यांनी बाहेरूनच पाहिले, कारण प्रवेशाची तिकिटे आगाऊ घ्यावी लागतात हे मुलांच्या लक्षात आले नव्हते. १८८२ साली पाया घातलेल्या त्या मंदिरासाठी आंतोनी गाउदीने आयुष्य वेचले. १९२६ साली तो ट्रामखाली सापडला, तेव्हा मळक्या कपड्यांमुळे लोकांस तो भिकारी वाटला होता. मंदिराची प्रतिष्ठापना व्हावयास २०१० साल उजाडले. दोघे समोरच्या बागेत बाकावर बसली आणि जहाजावरून आणलेला पाव त्यांनी खाल्ला. त्या दिवशी फारसे बोलणे झाले नाही.

मार्सेयला गृहस्थांनी टेलिफोनची जागा शोधली. फ्रान्समधले रस्त्यावरचे टेलिफोन काही वर्षांपूर्वी काढून टाकले आहेत. फाटके बदलली, कुंपणे बदलली, आणि नेमके कोठे उभे होतो हे त्यांस ओळखता येईना. ते इकडून तिकडे फिरत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, “राहू द्या. वर जायची बस कुठून सुटते ते विचारा.”

वर म्हणजे टेकडीवरील पवित्र मरियेच्या बासिलिकेकडे. १८६४ साली तिचे अभिषेचन झाले. मनोऱ्यावर बाळ येशूला घेतलेली मरियेची सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती ११ मीटरहून उंच असून ती दूर समुद्रातून दिसते. गावकरी तिला “चांगली आई” म्हणतात. गृहस्थांनी ती खालून शेकडो वेळा पाहिली होती, जवळून एकदाही नाही. आत भिंतींवर उपकारस्मरणाच्या संगमरवरी पाट्या दाटीने लावल्या आहेत आणि छताला दोरीने लहान लहान जहाजे टांगली आहेत. समुद्रातून वाचून आलेल्यांची ती आठवण. बाईंनी एक मेणबत्ती लावली. गृहस्थांनी खिशात हात घातला, तर त्या म्हणाल्या, “दुसरी नको. ही दोघांची.” बाहेरच्या गच्चीवरून सर्व बंदर दिसते. त्यांचे पांढरे जहाज दूर धक्क्याला लागलेले होते. बाईंनी विचारले की भट्टी कोणत्या बाजूस असते. त्यांनी बोटाने दाखविले, आणि जहाज सुटण्याची वेळ जवळ येईपर्यंत दोघे तिकडे पाहत उभी राहिली.

गेल्या रविवारी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी बाईंस गाठून विचारले की सर्वांत छान काय पाहिले. आम्ही जवळच होतो. बाईंनी हातातली प्रार्थनेची पुस्तिका आमच्याकडे दिली, दोन्ही कोपरे बाहेर काढून पंखांसारखे हलविले आणि मेसिनाचा कोंबडा आरवतो तशा, चर्चच्या दारात, मोठ्याने आरवल्या.