पोराचं हित कुणाच्या डोळ्यांनी?



फॅमिली कोर्टात एक शब्द रोज वाजतो. मुलाचं हित. नवरा-बायको फाटले की पोर कुणाकडं, ते यावरच ठरतं. 1956 चा हिंदू पालकत्व कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्यात नैसर्गिक पालक पहिला बाप, 'त्यानंतर' आई. पण कलम 13 म्हणतं, हित सर्वांत वर. झकास! फक्त हित मोजायचं कसं, ते माप कायद्यानं दिलेलं नाही. इंग्रजांच्या 1890 च्या कायद्यात एक यादी आहे : पोराचं वय बघा, लिंग बघा, धर्म बघा, पालकाचं चारित्र्य बघा, कुवत बघा.

कुवत! सगळी मेख इथंच हाय.

समजा, आपल्या वस्तीतली एक बाई. चार घरची धुणीभांडी. पत्र्याची एक खोली, संडास बाहेर. पोरगं सात वर्षांचं. पाचाच्या आतलं असतं तर कायद्यानं सहसा आईकडंच राहिलं असतं. आता बाप उभा राहतो. माझा ब्लॉक आहे, पगार आहे, पोराला इंग्रजी शाळेत घालतो. हिनं काय दाखवायचं? पोराच्या तापात जागलेल्या रात्रींची पावती कुठल्या ऑफिसात मिळते? तारखेला गेली तर रोजी बुडते, नाही गेली तर 'आईला आस्था नाही'.

आणि तो बाप कधी कधी आपलाच असतो. आरक्षणावर नोकरीला लागलेला, चौदा एप्रिलला भाषण ठोकणारा.

यात न्यायाधीश दुष्टच असावा लागत नाही. ज्या घरात तो वाढला, तेच त्याला घर वाटतं. आई गेल्यावर मीराआत्यानं सांभाळलेला भीमराव परळच्या चाळीत एका खोलीत शिकला. कुवतीच्या या मापानं त्याचं हित कुठं होतं?

पण रडून चालणार नाही. सुप्रीम कोर्टानं 1997 सालीच सांगितलंय, एकाकडं पैसा जास्त, एवढ्यावरच ताबा ठरत नाही. 1999 साली सांगितलं, बाप जिवंत असतानाही आई नैसर्गिक पालक होऊ शकते. पोर कळतं असेल तर त्याचं म्हणणंही कोर्ट विचारात घेऊ शकतं. 1987 च्या कायद्यानं बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. हे वस्तीत किती जणींना ठाऊक आहे?

तेव्हा कविता वाचून झाल्या असतील तर उठा. असल्या बाईसोबत तारखेला जा. लसीचं कार्ड, दवाखान्याचे कागद, तिचा अंगठा असलेलं प्रगतिपुस्तक, शेजारणीची साक्ष, सगळ्याची फाईल बांधा. पोराला रोज शाळेत कोण सोडतं, त्याच्या उशाशी कोण जागतं, ते कागदावर आणा.

कुवत म्हणजे चौरस फूट नव्हे, हे कोर्टाला आपण सांगितल्याशिवाय कोण सांगणार?