आखाजीचा झोका बांधायला झाड दाखवा



२०२४ मध्ये शुक्रवारी, १० मेला आखाजी झाली. १३ तारखेला रावेर लोकसभेचं मतदान होतं, म्हणजे आणखी एक सुट्टी. माहेरवाशिणी आल्यात, पोरांच्या शाळा बंद आहेत, आमरस-पुरणपोळी खाऊन झाली. आणि तीन दिवसांपासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो: भाऊ, पोराबाळांना घेऊन जायचं कुठं?

हसू नका. पाणी, कांदा, केळीचा भाव यांच्यापुढं हा प्रश्न फालतू वाटतो, म्हणून तर तो कोणी विचारत नाही.

मुळात आखाजी हा घरात बसून करायचा सण नाहीच. सकाळी पितरांची घागर भरायची, वर डांगर ठेवायचं, पितरांना दाखवल्याशिवाय जुनी माणसं आंबा तोंडाला लावत नसत. सालदाराचं साल संपायचं, नवं ठरायचं. हे सगळं झालं की दुपारनंतरची आखाजी बायामाणसांची. गौराई, गाणी आणि झोका. आपल्या बहिणाबाईंनी आखाजीवर कविता केली ती उगाच नाही. वर्षभर सासरी खालमानेनं राबणारी लेक त्या एका दिवशी उंच झोका घ्यायची आणि मोठ्यानं गायची. तो झोका हॉलमधल्या हुकाला बांधत नाहीत. निंबाच्या फांदीला बांधतात.

आता निंब दाखवा.

चिखली ते तरसोद महामार्गाचं चौपदरीकरण झालं. रस्ता पाहिजेच होता, जुन्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या मीच लिहिल्यात. पण रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, त्या सावलीचा हिशोब कोणी दिला? दुभाजकात कण्हेर लावली की कागदावर 'वृक्षलागवड' होते. कण्हेरीला झोका बांधून दाखवा बरं कोणीतरी!

गावातलं वेगळं नाही. झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे, तो नगरपालिकांनाही लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं, आणि झाड तोडलं तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. साठ वर्षांचा निंब पाडला तर साठ रोपं. आपल्या गल्लीतला शेवटचा निंब कुठं गेला ते आठवा आणि त्याच्या बदल्यात लावलेली रोपं मोजा. मोजायला फार वेळ लागणार नाही.

शनिवारी आम्ही घरचे नऊ जण तापीकाठी गेलो होतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा नावावरच व्हायची. बहीण पुण्याहून आलेली, सोबत तिच्या दोन मुली, आई, काकू. डबे, सतरंजी, पाण्याचा जार, सगळं घेतलं. तासाभरात परत आलो. सावली एकाच झाडाची, त्याखाली बाटल्या घेऊन बसलेलं टोळकं. स्वच्छतागृह नाही. परतताना कळलं, बहीण सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा प्यायली नव्हती. का, ते बायांना सांगावं लागणार नाही. पुरुषांना सांगतो: जिथं जायला आडोसा नसतो तिथं बाई तहान मारून बसते. मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात, जिथं पारा ४५ च्या घरात जातो! सार्वजनिक स्वच्छतागृह ही काही मेहेरबानी नाही, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात ते पालिकेचं आवश्यक कर्तव्य आहे. गावाबाहेर गेलं की मात्र प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडं बोट दाखवतं.

आपल्याकडं बघण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हतनूर धरण आपल्या उशाशी आहे, १९८२ चं, ४१ दरवाज्यांचं. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर लांबलांबचे पक्षी उतरतात, बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. पुढं चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, तिथलं जुनं दगडी मंदिर. जवळच कोथळीला मुक्ताई. एवढं देवानं आणि इतिहासानं दिलं, त्यात आपण काय घातलं? पेव्हर ब्लॉक. उन्हात तापलेल्या पेव्हर ब्लॉकवर अनवाणी पोर उभं करून बघा, सुशोभीकरण म्हणजे काय ते कळेल.

आता काही जण म्हणतील, लोकांनाच शिस्त नाही. अर्धं खरं आहे. फुटक्या बाटल्या आपणच टाकतो, परंपरेच्या नावाखाली झाडाखाली पत्त्यांचे डाव आपलीच माणसं मांडतात, पैसे लावतात. पण जिथं बायापोरं बसतात तिथून टोळकी आपोआप उठतात. बायापोरं बसायला सावली लागते, पाणी लागतं, संडास लागतो. आधी ते द्या, मग शिस्तीवर बोलू.

ज्याच्या दारात चारचाकी आहे तो चिखलदऱ्याला जातो, तोरणमाळला जातो. त्याची सुट्टी झाली. मजुरी करणाऱ्याचं पोरगं जातं नदीच्या डोहावर, एकटं, मित्रांसोबत, घरी न सांगता. मग मी बातमी लिहितो. दर उन्हाळ्यात लिहितो. वय आणि गाव तेवढं बदलतं. सणासुदीच्या चार दिवसांत घाटावर दोन पोहणारी माणसं आणि एक दोर ठेवायला कोणता निधी लागतो?

महिनाभर प्रचाराचे भोंगे वाजले. कोणाला मत द्या ते मी सांगितलं नाही, जरूर मतदान करा एवढंच म्हटलं. पण कोणाच्याही भाषणात सावली हा शब्द मी ऐकला नाही. आणि नगरसेवकाला धरावं म्हटलं तर २०२४ मध्ये राज्यातल्या बहुतेक पालिकांत प्रशासक बसलेला होता. साहेबाच्या पोरांची सुट्टी आपल्या गावात जात नाही.

म्हणून अर्ज टाइप करून ठेवलाय. मागण्या मोठ्या नाहीत. गावातल्या ५० वर्षांवरच्या झाडांची यादी लावा. तापीकाठी बायांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह बांधा. आणि यंदा दुभाजकात नाही, मोकळ्या जागेत वड, निंब, चिंच लावा, कुंपणासकट. पावसाळ्यात लावायची तर खड्डे आत्ता, मे महिन्यातच खोदावे लागतात, शेतकऱ्याच्या पोरांना हे माहीत आहे. आचारसंहिता ४ जूनच्या निकालानंतर उठायची होती, त्याच आठवड्यात अर्ज द्यायचं ठरवलं. सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर या, मी रोज तिथंच असतो. ताई-माईंनी आधी सही करायची आहे, माहेरवाशिणींनी सासरी परतायच्या आत.