मांजराला हाकलण्याआधी

नवा सोफासेट घरात येतो तेव्हा घरातल्या बाईचे कित्येक महिने त्यात गेलेले असतात. हप्ते कसे फिटणार याचा हिशेब तिचा, कापड भिंतीच्या रंगाला शोभेल का ही काळजीही तिचीच. आणि मग एका दुपारी घरातली मनी अगदी निवांतपणे त्या सोफ्याच्या हातापाशी जाते, पुढचे दोन पाय लांब ताणते आणि खर्रर्र करून नखं ओढते. पंधरा दिवसांत आतला फोम डोकावायला लागतो. शिवाय धुतलेली चादर अंथरली रे अंथरली की वेटोळं करून तिच्या मधोमध झोपायचं, हा हक्क वेगळाच. मग घरोघरी ठरलेले संवाद होतात. मुलं मांजराच्या बाजूनं, सासूबाई चादरीच्या बाजूनं, नवरा पेपरात डोकं घालून. आणि शेवटी ‘तूच लाडावून ठेवलंयस तिला’ हे कुणाला ऐकावं लागतं, ते मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यावर आपल्याकडे एक जुना उपाय आहे, ज्याबद्दल उघडपणे फारसं बोललं जात नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. त्यामुळे मारत कुणी नाही. पोत्यात घालतात आणि नदीपलीकडे नाहीतर मासळी बाजारापाशी सोडून येतात. ‘तिथं त्याला खायला मिळेल’ असं म्हणायचं आणि मनाची समजूत घालायची. पण घरात वाढलेल्या मांजराला तिथं आधीपासून ठाण मांडून बसलेले बोके, कुत्री आणि गाड्या भेटतात, हे आपल्यालाही ठाऊक असतं. उपाशी-तहानेलं राहण्याची शक्यता असताना जनावर असं विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! त्याच्या धाकानं कुणाचं पोतं थांबेल असं नाही. पण मुद्दा दंडाचा नाहीच. मुद्दा असा, की हे करायची गरजच नसते. मांजराची नखं घासायची सवय मोडता येत नाही हे खरं. ती दुसरीकडे वळवता मात्र नक्की येते.

त्यासाठी आधी हे समजून घ्यायला हवं, की मनीचा तुमच्या सोफ्यावर काही राग नसतो. मांजराच्या नखावरचा बाहेरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा जुना होतो, तो घासून काढावा लागतो. झोपेतून उठल्यावर अंग ताणायला हवं असतं, तेही यातच साधतं. आणि तिसरं कारण आपल्या नाकाला कळत नाही: मांजराच्या पंज्यात गंधाच्या ग्रंथी असतात. नखं ओढली की ओरखड्याबरोबर तो वासही तिथं लागतो. ‘ही जागा माझी’ असं तिनं लिहून ठेवलेलं असतं म्हणा ना! म्हणून ती पुन्हा पुन्हा त्याच हाताशी जाते, आणि म्हणूनच घरातली मधली, सगळ्यांच्या उठण्या-बसण्याची जागा निवडते. कोपऱ्यातलं जुनं स्टूल तिला नको असतं.

आता जरा मागचं घर आठवा. मागच्या अंगणात आंबा नाहीतर शेवगा होता, दाराला जुन्या लाकडाची चौकट होती, गोठ्यात मेढी होत्या. मांजर तिथं नखं घासायचं, कुणाचं लक्षही जायचं नाही. झोपायला पोटमाळा होता, गवताची गंजी होती, थंडीत चुलीजवळची ऊब होती. घराचा फ्लॅट झाला, नाहीतर वाड्याच्या जागी दोन खोल्यांचं आरसीसी आलं. फरशी गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, दारं सनमायकाची. नखं रुतायला अख्ख्या घरात एकच वस्तू उरली, ती म्हणजे तुमचा सोफा. मांजर तेच आहे. त्याच्या वाटच्या जागा तेवढ्या आपण काढून घेतल्या.

म्हणून पहिलं काम ओरडण्याचं नाही, जागा देण्याचं. चार दिवस नुसतं बघा, ती उभ्या वस्तूला ओरबाडते की आडव्या. सोफ्याचा हात, कपाटाची कड, पडदा म्हणजे उभं. गालिचा, गादी, पायपुसणं म्हणजे आडवं. आडव्याची आवड असेल तर उपाय फारच स्वस्त आहे. काथ्याचं जाड पायपुसणं आणा आणि तिच्या नावावर करून टाका. उभ्याची आवड असेल तर एक खांब करावा लागेल. तयार खांब शहरात मिळतात, पण अनेकदा ते बुटके नि डुगडुगणारे असतात. मांजराला पूर्ण ताणून उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे उंची अडीच-तीन फूट हवी, आणि खांब हलता कामा नये. एकदा तो अंगावर कलंडला, की ती पुन्हा त्याच्या वाटेला जायची नाही. सुताराकडून वाशाचा तुकडा आणा, त्याला काथ्याचा दोर किंवा जाड सुतळी वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळा, खाली रुंद फळी ठोका आणि त्या फळीवर वजनाला जुना पाटा नाहीतर जात्याची तळी ठेवा. मिक्सर आल्यापासून पडून आहे, तेवढंच ते कामी येईल!

हा खांब ठेवायचा कुठं? इथंच बहुतेक जणी फसतात. दिसायला बरं नाही म्हणून तो गॅलरीत नाहीतर माडीवर जातो, आणि मग ‘बघा, तिला आवडतच नाही’ म्हणून मोकळ्या! खांब सोफ्याच्या त्याच हाताला खेटून उभा करायचा. पाहुणे विचारतील, विचारू देत. सोफ्याचा हात तेवढे दिवस ओल्या फडक्यानं पुसून, वर गुळगुळीत प्लॅस्टिक किंवा पोळ्या बांधायचा चंदेरी फॉइल कागद लावून झाकून टाकायचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी मिळाली तर आणखी चांगलं. पंज्याला चिकट लागलेलं मांजराला खपत नाही. एकीकडे नकोशी जागा, तिला लागून हवीशी जागा, असं झालं की ती आपणहून बदलते. तिचे पंजे धरून खांबावर घासू नका, त्यानं ती बिथरते. खांबाभोवती सुतळीचा तुकडा नाचवा, खेळता खेळता नखं लागतात. लागली की लगेच, त्याच क्षणी, उकडलेल्या अंड्याचा किंवा सुकटीचा एक कण. स्वयंपाकघरात जाऊन, हात धुऊन, मग बक्षीस असं केलंत तर कशाचं बक्षीस ते तिला कळणार नाही. सवय पक्की झाली की खांब रोज वीतभर सरकवत तुम्हाला हव्या त्या भिंतीशी न्या. हे आठ दिवसांत होत नाही, दीड-दोन महिने धरून चाला.

मारण्याबद्दलही स्पष्टच सांगायला हवं. मारल्यानं मांजर सोफा सोडत नाही, तुम्हाला सोडतं. तुम्ही घरात असताना ते गप्प राहतं आणि तुम्ही भाजी आणायला बाहेर पडलात की काम उरकतं. दुपारी ओरबाडलं आणि संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर फटका मिळाला, तर त्या दोन गोष्टींचा संबंध त्याला लागतच नाही. पाण्याचा फवारा मारायचा सल्ला पूर्वी सगळीकडे दिला जायचा, त्यातही हीच खोट आहे. आणि कृपा करून तिखटाची पूड, फिनेल किंवा डांबराच्या गोळ्या सोफ्याभोवती टाकू नका. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी असतात. पायाला लागलेलं ते चाटून साफ करतं आणि तेच पोटात जातं.

राहिला झोपेचा प्रश्न. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, त्यामुळे ‘झोपू नको’ हे सांगून उपयोग नाही, ‘इथं झोप’ एवढंच सांगता येतं. त्याला उंच, उबदार आणि ओळखीच्या वासाची जागा लागते. पुठ्ठ्याचा एक खोका घ्या, त्यात तुमची जुनी सुती साडी न धुता घडी करून घाला आणि तो खिडकीशेजारच्या कपाटावर किंवा शिवणाच्या मशीनवर ठेवा. मऊ गादीपेक्षा तुमचा वास तिला जास्त प्रिय असतो, पलंगावर येण्याचं निम्मं कारण तेच. उन्हाळ्यात हाच खोका खाली, माठाच्या जवळपास गारव्याला न्या. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दमवणारा खेळ, मग जेवण, मग खोका. पोट भरलं की मांजर अंग चाटतं आणि झोपतं.

यात एक अट मात्र घरातल्या सगळ्यांना लागू. रात्री नातवानं गुपचूप पांघरुणात घ्यायचं आणि सकाळी आजीनं ‘हाड’ करून हाकलायचं, असं चाललं तर मांजरानं शिकायचं तरी काय? पलंग बंद तर सर्वांसाठी बंद. आणि थंडीत पायथ्याशी झोपलेलं चालणार असेल तर तसंच ठरवा, तिच्या नावाची एक गोधडी पायथ्याशी घाला. केस गोधडीवर पडतील, चादर वाचेल. आमच्या मते यात कमीपणा काही नाही. घरात लहान बाळ असेल तर मात्र त्याच्या अंथरुणावर तिला अजिबात येऊ देऊ नका.

नखं कापता येतात, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी, तिच्या बऱ्याच अलीकडे, पांढरं टोक तेवढं कापायचं. दोन-तीन आठवड्यांनी, पुढच्याच पायांचं. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालेल. पहिल्यांदा पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या. तिथंच रेबीजची लस आणि नसबंदीचंही विचारून घ्या. वयात आलेला बोका सोफ्यावर धार मारत असेल तर खांबानं काही होणार नाही, नसबंदीनं बहुधा थांबतं. आणि मांजराचं नख किंवा दात कुणाला लागलाच, तर ती जागा साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, हळद भरून बसायचं नाही.

नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्रास होत आली. तिथल्या न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्यात नुसतं नख जात नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. आपली दहाही बोटं पहिल्या पेरापाशी छाटावीत, तसं. कुणी सुचवलंच तर नाही म्हणा.

आता फाटलेल्या सोफ्याचं काय? लगेच नवं कापड घालू नका. मांजर खांबावर महिनाभर बिनचूक जायला लागलं, की मगच गादीवाल्याला बोलवा. जाडेभरडे, दोरे वर आलेलं कापड टाळा, कारण त्यात नख अडकतं आणि ओढायला मजा येते. घट्ट विणीचं, हात फिरवला तर सपाट लागणारं घ्या. आणि जुनं, फाटकं कापड भंगारात देऊ नका. त्यात मनीचा वास मुरलेला असतो. त्याचा एक पट्टा कापून खांबाला वरच्या बाजूला खिळ्यांनी ठोकून टाका.